पेट्रोल, बॅटरी आणि बहिणीची नोकरी

आमच्या घरात पर्यावरणाची काळजी नेमकी कधी शिरली ते मला सांगता येईल. माझ्या धाकट्या बहिणीला नोकरी लागली त्याच आठवड्यात.

त्याआधी धुराशी आमचं काही भांडण नव्हतं. कापूस वेचून झाला की उरलेल्या पऱ्हाट्या आम्ही बांधावर पेटवून द्यायचो आणि त्या उजेडात शेजारच्या शेतकऱ्याशी गप्पा मारायचो. घरात गॅस होता, पण तो पाहुण्यांसाठी. आई घरच्या माणसांचा स्वयंपाक चुलीवर करायची आणि डोळे पुसत म्हणायची, कांदा तिखट निघाला. मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, यांची जुनी मोटारसायकल सकाळी सुरू झाली की गल्लीतल्या बाया दोरीवरचे कपडे आत नेत. मोठे बाबा त्याला आपला मान समजत.

बहिणीने अमरावतीच्या कॉलेजातून बी.एस्सी. केलं. मग चांदूर बाजारच्या एका खाजगी प्रयोगशाळेत तिची निवड झाली. शेतकरी मातीचे आणि विहिरीच्या पाण्याचे नमुने आणून देतात, ते तपासायचं काम. अट एकच होती, एक तारखेला सकाळी हजर व्हायचं. नाही झालं तर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावणार. आमचं गाव वलगावच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून जरा आत. सकाळची एसटी ज्या वेळेला आमच्या फाट्यावर येते त्या वेळेला तिने प्रयोगशाळेत असायला हवं, आणि संध्याकाळची शेवटची एसटी प्रयोगशाळा बंद होण्याआधीच चांदूर बाजार सोडते. एसटीच्या वेळा ज्या कुणी ठरवल्या त्यांनी मुलींच्या नोकरीचा विचार केला नसेल असं मी म्हणणार नाही. कदाचित नीट विचार करूनच ठरवल्या असतील.

म्हणजे दुचाकी हवी. दुचाकी आली तर नोकरी राहणार, नाहीतर जाणार. गोष्ट एवढीच होती. एखाद्या अशिक्षित घरात ती एका दुपारी मिटली असती. पण आमच्या घरात मी होतो.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. अकोल्याला एका कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शिकवतो. पहिल्या पदवीधराला घरात काही मान असतात. कुणाच्याही मोबाइलवर इंग्रजी मेसेज आला की तो माझ्यापुढे धरला जातो. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचं बारीक अक्षर मी वाचायचं. लग्नात अहेराच्या पाकिटावर नावं मी लिहायची, कारण माझं अक्षर शिकलेलं आहे. मला याची कधी लाज वाटली नाही. वडिलांनी आणि मोठ्या बाबांनी मला शिकवलं तेव्हा दोघांच्या पायांत मिळून एक धड चप्पल नव्हती. बारावीनंतर मला अमरावतीला कॉलेजात घालायला मोठे बाबाच घेऊन गेले होते, त्याच मोटारसायकलवर. दिवसभर माझ्यासोबत रांगेत उभे राहिले आणि प्रत्येक खिडकीवर, कुणी विचारलं नसताना, "आमचं पोट्टं फस्ट क्लास हाय," असं सांगत राहिले. ते उपकार मी विसरलेलो नाही. म्हणूनच त्यांच्यासमोर माझा आवाज आजही वर्गातल्यासारखा निघत नाही.

वडिलांनी फोन केला. "पोरीसाठी गाडी घ्या लागते. पेट्रोलची घ्यावं का करंटवाली, हे तू सांग. तू शिकेल हायेस."

मला किती आनंद झाला काय सांगू! इतक्या वर्षांत घरातून पहिल्यांदाच माझ्या विषयातला प्रश्न आला होता. "कोणतीही घ्या, पण या आठवड्यात घ्या," एवढं म्हणून मी फोन ठेवू शकलो असतो. पण इतकं सोपं उत्तर द्यायला पदवी कशाला लागते? मी म्हणालो, "शनिवारी येतो. तोपर्यंत अभ्यास करतो."

अभ्यास मी खरोखर केला. एका कागदावर दोन रकाने आखले, डावा खर्चाचा, उजवा धुराचा. गाडी घेताना इलेक्ट्रिकला जास्त पैसे जातात, चालवताना कमी. पेट्रोलच्या गाडीला ऑइल लागतं, प्लग लागतो, दर काही महिन्यांनी मेकॅनिक लागतो. इलेक्ट्रिकला यातलं काही लागत नाही, पण काही वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ आली की आतापर्यंत न लागलेलं सगळं एकदम लागतं. इथपर्यंत खर्च. मग धूर. पेट्रोलचा धूर सायलेंसरमधून दिसतो, पण त्याआधी जमिनीतून तेल काढताना, शुद्ध करताना आणि टँकरने पंपावर आणताना जो होतो तो कुणाच्या डोळ्यांत जात नाही. इलेक्ट्रिकचा धूर गाडीतून निघतच नाही. तो बॅटरी बनवताना निघतो आणि वीज तयार करताना निघतो. नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी शोरूममधून निघते तेव्हा धुराच्या बाबतीत ती पेट्रोलच्या गाडीहून मागेच असते. मग रोज चालत चालत ती फरक भरून काढते आणि पुढे जाते. जितकं जास्त चालवाल तितकी ती फायद्याची. रोज चांदूर बाजारला जाऊन यायचं असेल, तर पैशांच्या आणि धुराच्या दोन्ही रकान्यांत इलेक्ट्रिकच पुढे येत होती.

शनिवारी ओसरीवर बैठक बसली. मोठे बाबा लोखंडी खुर्चीत, वडील खाटेवर, आई उंबऱ्यात तूर निवडत. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती माझी बहीण भिंतीला टेकून उभी. मी कागद वाचला. माझं बोलणं जरा लांबलं, पण कुणी उठून गेलं नाही. त्यामुळे माझा उत्साह वाढला.

मोठ्या बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे करंटवाली गाडी. इच्यात धूर नाई म्हणतं तू. करंट कुठून येते गा मास्तर?"

आता इथे एखाद्या व्यवहारी माणसाने 'तारेतून' असं उत्तर दिलं असतं. मी शिक्षक पडलो. मी म्हणालो, "आपल्याकडची बरीचशी वीज कोळशापासून होते. अकोल्याजवळ पारसला वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात ना, तशी."

मोठे बाबा खुर्चीत पुढे सरकले. "पाहा! म्हंजे आपल्या दारात धूर नाई, पण अकोल्याच्या लोकायच्या डोक्शावर धूर. आपलं पाप दुसऱ्याच्या अंगणात टाकाचं. हे मले नाई पटत."

अकोल्याच्या लोकांबद्दल मोठ्या बाबांना एवढा कळवळा आहे हे मला, अकोल्यात इतकी वर्षं राहूनही, ठाऊक नव्हतं.

मी समजावू लागलो. "मोठे बाबा, तुमच्या पायाला सायलेंसरचा चटका बसलाय ना?" त्यांच्या पिंढरीवर तो डाग आहे, सगळ्या गावाला माहीत आहे. "ती उष्णता म्हणजे तुम्ही भरलेलं पेट्रोलच. पेट्रोलमधली बरीचशी ताकद गाडी पळवायला नाही, ती गरम करायला जाते. विजेच्या मोटारीत तेवढं वाया जात नाही. म्हणून कोळसा जाळून वीज केली तरी हिशोब…"

"म्हंजे मी इतकी वर्सं पाय भाजाले पेट्रोल भरलं म्हणतं तू?"

वडील हसले. मोठ्या बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि वडील खोकले.

"आन् ते बॅटरी पेटते," मोठे बाबा म्हणाले. मोबाइल काढून त्यांनी एक व्हिडिओ दाखवला. कुठल्या तरी शहरात एक स्कूटर जळत होती आणि मागे कुणीतरी रडकं गाणं लावलं होतं. "पाह्य. पोरगी बसेल असती तं?"

बहीण पहिल्यांदाच बोलली. "मंग पेट्रोलची घ्या. मले कोणतीही चालते."

"पेट्रोलची?" मोठे बाबा दचकले. "आत्ताच तुह्या भावानं सांगतलं न, पेट्रोल घेणं म्हंजे पैसा जाळणं. आन् पोल्युशन केवढं! शिकेल-सवरेल घर हाय आपलं."

असं करून माझ्याच कागदाच्या डाव्या रकान्याने त्यांनी पेट्रोलची गाडी मारली आणि उजव्या रकान्याने इलेक्ट्रिक. मी दोन्ही बाजू इतक्या प्रामाणिकपणे मांडल्या होत्या की काहीच न घ्यायला त्यात भरपूर आधार होता. एक तारीख जवळ येत होती. बहीण आत गेली आणि भांडी जरा मोठ्याने घासू लागली.

शेवटी वडिलांनी मार्ग काढला. "अमरावतीच्या भाच्याजवळ करंटवाली हाय. एक दिवस मागून आणू. ते आन् तुमची फटफटी, दोनी चांदूर बाजारले नेऊन आणू. जे खरं ते दिसन."

मोठ्या बाबांना हे पटलं, कारण त्यात एक दिवस जाणार होता. मला पटलं, कारण त्याला प्रयोग म्हणतात.

पुढच्या रविवारी प्रयोग झाला. इलेक्ट्रिक स्कूटर बहीण चालवत होती, मागे मी. मोटारसायकलवर मोठे बाबा, मागे वडील. निघताना मी बॅटरीचे टक्के टिपून घेतले. मोटारसायकलची टाकी पंपावर काठोकाठ भरली, म्हणजे परत आल्यावर पुन्हा भरून किती गेलं ते कळेल. मी सगळं अगदी पुस्तकात असतं तसं केलं होतं. पुस्तक लिहिणाऱ्याला त्या रस्त्यावर नातेवाईक नव्हते एवढाच काय तो फरक.

आमच्याकडे नातेवाइकाच्या दारावरून चहा न घेता पुढे गेलं की तो अपमान होतो, आणि तो अपमान पुढच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत वसूल होतो. वाटेवरच्या गावात मावशीचं घर होतं. रस्त्याला लागूनच. दोन गाड्या थांबल्या. मावशीने विचारलं, "हे कोणाची गाडी वं? आवाज नाई काई नाई. इले काय पाजता?"

"करंट," बहीण म्हणाली.

"मंग पाजा न. पाहुणी उपाशी जाईन काय?"

मावशीने स्वतःच्या हाताने कूलरची पिन काढून टाकली. स्कूटरच्या डिकीतून चार्जर निघाला, खिडकीतून वायर आत गेली आणि स्कूटर चार्ज होऊ लागली. दिवस वैशाखाचे होते. घरातली माणसं पदराने आणि वर्तमानपत्राने वारा घेत बसली, पण एकानेही कूलरचं नाव काढलं नाही. पाहुण्यांची गाडी होती. मोटारसायकल बाहेर उन्हात उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मोठ्या बाबांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

चहा झाला, मग पोहे झाले, मग आंबा कापला गेला. मधल्या वेळात मावशीने बहिणीला पगार विचारला, मग लग्नाचं विचारलं, मग पगार पुन्हा विचारला. निघालो तेव्हा बॅटरी घरून निघताना होती जवळपास तेवढी झाली होती. मी ते इमानदारीने टिपून घेतलं. आपण नेमकं काय मोजतो आहोत असा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पण आंबा चांगला होता.

चांदूर बाजारला आत्याचं घर. तिथे जेवण. आमच्या आत्याच्या घरी जेवल्यावर लगेच उठता येत नाही, आडवं व्हावं लागतं, नाहीतर भाजीत काही कमी होतं का असं ती विचारते. आम्ही आडवे झालो. स्कूटरही भिंतीच्या सावलीत टीव्हीच्या प्लगवर आडवी झाल्यासारखीच उभी होती. आतेबहिणीची मालिका बुडाली. ती नुसती स्कूटरकडे अधूनमधून पाहत राहिली.

दुपार कलल्यावर बहीण आम्हाला तिची प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेली. रविवार, कुलूप होतं. एकमजली इमारत, पुढे कडुनिंब, झाडाखाली दुचाकी लावायला पत्र्याचं छप्पर. बहीण त्या छपराखाली गाडी लावून पाहत होती. पुढचं चाक आत, मागचं बाहेर, मग सरळ. वडील खिडकीच्या काचेला हात लावून आत डोकावले. "बाटल्या हायेत," ते म्हणाले. "लय बाटल्या हायेत." मग बराच वेळ तसेच उभे राहिले.

मोठे बाबा आत डोकावले नाहीत. रस्त्याकडे पाहत उभे होते.

परतताना मावशीकडे पुन्हा थांबावं लागलं. जाताना थांबलो होतो म्हणून येताना न थांबणं आणखी वाईट. कूलर पुन्हा बंद झाला. घरी पोचलो तेव्हा स्कूटरच्या बॅटरीत सकाळपेक्षा जास्त टक्के होते. मी कागदावर लिहिलं: साठेक किलोमीटर, खर्च शून्य. लिहिताना मला आतून थोडं अभिमानासारखं वाटलं. जगात कुठल्याही शास्त्रज्ञाच्या हाती असा निकाल लागला नसेल.

मोठे बाबा म्हणाले, "हे काई खरं नाई. वाटनं खात आली ते. दोन घरच्या बिलात गेला तुमचा खर्च."

"मंग तुमी बी खाल्लं न मोठे बाबा," बहीण म्हणाली. "तुमचं जेवण फटफटीच्या खर्चात धराचं का?"

"माह्या गाडीनं इमानदारीनं सोताचं पेट्रोल जाळलं."

हे मात्र खरं होतं. वाद मी मिटवला. वडिलांच्या त्या भाच्याकडे विजेचा अंदाज विचारला, त्याच्या रोजच्या चार्जिंगवरून बिल किती वाढतं ते काढलं, आणि दोन घरची वीज धरूनही इलेक्ट्रिकचा खर्च मोटारसायकलच्या पेट्रोलच्या आसपासही फिरकत नव्हता. दोन्ही गाड्या न बिघडता गेल्या आणि आल्या. स्कूटर पेटली नाही. रस्ता दोघींनाही झेपला. अडचण इथेच झाली. आता गाडीत काढण्यासारखी खोट उरली नव्हती.

मोठे बाबा ओसरीवर बसले. पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, एक सांग. तुह्या ह्या कागदात सगळ्यात कमी धूर कोणाचा?"

"इलेक्ट्रिकचा."

"नाई. जे गाडी जातच नाई तिचा. पोरगी घरी राह्यली तं धूर बी नाई, खर्च बी नाई, बॅटरी बी नाई."

मी कागदाकडे पाहिलं. आणि खरं सांगतो, त्या हिशोबात चूक नव्हती. न घेतलेली गाडी सगळ्यात स्वस्त असते आणि न केलेला प्रवास सगळ्यात स्वच्छ. मी घरी बसलो असतो तर माझ्यामुळेही जगात केवढा धूर कमी झाला असता! माझ्या दोन्ही रकान्यांत न घेतलेली गाडीही मांडली असती तर तीच जिंकली असती. इतके दिवस मी आखलेल्या रेघांवरून मोठे बाबा नेमके तिथे पोचले होते. रोज एकट्या पोरीने त्या रस्त्याने जायचं हे त्यांना नको होतं, ते त्यांना तोंडाने म्हणवत नव्हतं, आणि मी त्यांना त्यासाठी शास्त्रीय भाषा पुरवली होती.

बहीण भिंतीपासून पुढे आली. आवाज चढला नाही तिचा. "मोठे बाबा, दादाले अमरावतीले नेलं तवा किती पेट्रोल लागलं होतं?"

मोठ्या बाबांनी खाली ठेवलेला तांब्या पुन्हा उचलला.

"किती वेळा नेलं? अॅडमिशनले नेलं, होस्टेलले नेलं, परीक्षेले नेलं. धूर मोजला होता का तवा?"

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

उंबऱ्यात आईचे हात सुपात थांबले. काय वेगळं होतं ते ओसरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि तो वेगळेपणा म्हणजे मीच, तिथे खाटेवर बसलेलो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मोठ्या बाबांची नजर माझ्यावर आली आणि मग खाली गेली.

वडील खाटेवरून उठले. माझ्या वडिलांनी मोठ्या भावासमोर निर्णय घेतलेला मी तोपर्यंत पाहिला नव्हता. ते मोठ्या बाबांकडे न पाहता मला म्हणाले, "उद्या अमरावतीले चाल. करंटवाली बुक करू." मग जरा थांबून मोठ्या बाबांना, अगदी हळू: "दादा, तुमी बी चाला. रंग तुमी पाहजा."

मोठे बाबा रंग पाहायला आले. शोरूममधल्या पोराला त्यांनी बॅटरीबद्दल एवढे प्रश्न विचारले की तो शेवटी मॅनेजरला घेऊन आला. रंग करडा ठरला. मळला तरी दिसत नाही, असं मोठ्या बाबांचं म्हणणं. पण गाडी लगेच मिळेना. ती यायला काही आठवडे लागणार होते आणि एक तारीख चार दिवसांवर होती. भाच्याची स्कूटर त्याला स्वतःला लागत होती. मावशीने फोन केला की पोरीला आत्याकडेच राहू द्या, म्हणजे जाण्यायेण्याचा प्रश्नच नाही. धुराच्या दृष्टीने तोही पर्याय उत्तम होता. बहिणीने आत्याच्या घरी किती माणसांच्या भाकऱ्या तिला थापाव्या लागतील ते मोजून दाखवलं आणि विषय संपला.

एक तारखेला सकाळी आमच्या दारात मोटारसायकल उभी होती. गल्लीतल्या बायांनी सवयीने कपडे आत नेले. "गाडी येतपर्यंत मी नेतो," मोठे बाबा हँडलकडे पाहत म्हणाले. एवढंच बोलले. बहीण मागे बसली, डबा मांडीवर.

पुढे काय झालं ते मला आईने फोनवर सांगितलं. मी अकोल्यात परतलो होतो. मोठे बाबा बहिणीला सकाळी सोडायचे आणि परत येण्याऐवजी तिथेच थांबायचे, कारण एवढ्या दुरून येऊन लगेच परतायचं म्हणजे पेट्रोल वाया. थांबायचं कुठे, तर आत्याकडे. आत्याने पहिल्या दिवशी पुरणपोळी केली. दुसऱ्या दिवशी भाजी-भाकरी. तिसऱ्या दिवशी तिने भावाला संत्र्याच्या बागेत पाणी सोडायला पाठवलं. चौथ्या दिवशी तिच्या नवऱ्याला दवाखान्यात न्यायचं काम दिलं. पुढच्या आठवड्यात दळण. माझ्या लाडक्या कागदाची मला आठवण झाली. एका माणसाच्या नोकरीसाठी दुसरा माणूस दिवसभर बांधून ठेवला तर तो खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा, हे मला सुचलंच नव्हतं.

दोन आठवडे झाले नसतील, मोठ्या बाबांचा मला फोन आला. ते मला सहसा फोन करत नाहीत.

"काय गा मास्तर. ते करंटवाली कवा येते?"

"सांगितलंय त्यांनी, येईल."

"येईन म्हंजे कवा? तू शिकेल हायेस न? जरा इंग्रजीत फोन कर त्यायले. हे फटफटी लय पेट्रोल खाऊन राह्यली. आन् धूर किती! पाठी बसणाऱ्या पोरीनं किती दिवस धूर खावा?"

मी इंग्रजीत फोन केला. शोरूमवाल्याने मराठीत उत्तर दिलं. गाडी आठवडाभरात आली.

त्या सकाळी मी अकोल्यात वर्गावर निघालो होतो. बहीण पहिल्यांदा एकटी जाणार होती. आईने गाडीला हळदकुंकू लावलं, वडिलांनी नारळ फोडला, मोठे बाबा फाट्यापर्यंत चालत गेले आणि ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. हे सगळं आईने मला टप्प्याटप्प्याने फोन करून कळवलं. मग फोन थांबले. मी शिकवायला उभा राहिलो आणि मुलांना उष्णतेच्या धड्याऐवजी घर्षणाचा धडा शिकवू लागलो. एका मुलीने चूक लक्षात आणून दिली.

मधल्या सुट्टीत बहिणीला फोन लावला. तिने तिसऱ्या रिंगला उचलला. मागे बाटल्यांचा आवाज होता आणि कुणीतरी शेतकरी आपल्या विहिरीबद्दल काहीतरी तावातावाने सांगत होता.

"पोचली?"

"पोचली न, कवाची."

"बॅटरी किती उरली?"

"पाह्यलं नाई," ती म्हणाली. "दादा, नमुना तपासाले लावेल हाय. संध्याकाळी बोलू." आणि तिने फोन ठेवला.